धर्मपीठ, राजसत्ता आणि कोकणातील बेने इस्राएल : १९६१ ते १९६४ चा विवाहवाद

मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता ठाणे व मुंब्रा ही गावे मागे टाकून शीळफाट्यावर येतो. तेथे त्यास कल्याणचा रस्ता मिळतो व पुढे तो पनवेलकडे वळतो. या मार्गाच्या एका टोकास पनवेल येथे १८४९ साली उभे राहिलेले 'बेथ एल' हे सिनेगॉग आहे. दुसऱ्या टोकास ठाणे येथे १८७९ साली बांधलेले 'शाअर हशामाइम' हे सिनेगॉग आहे. कुलाबा जिल्ह्यातील खेडी सोडून चाकरी व शिक्षण यांच्या ओढीने मुंबई-ठाण्याकडे सरकत आलेल्या बेने इस्राएल समाजाचा एका शतकाचा प्रवास या दोन वास्तूंवरून ध्यानात येतो. याच समाजामुळे पुढे इस्राएल राष्ट्रात एक वाद उत्पन्न झाला, आणि तो वाद मुळात राज्यशास्त्राचा होता. जे राष्ट्र यहुद्यांसाठी म्हणून स्थापन झाले, त्यात यहुदी कोण हे ठरविण्याचा अधिकार धर्मपीठाचा की लोकनियुक्त राजसत्तेचा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या समाजाची धार्मिक घडण पाहिली पाहिजे. बेने इस्राएल तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढे त्यांनी शतकानुशतके जपले. सणांना त्यांची नावे मराठी होती : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. आडनावे गावांवरून पडली : केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर. त्यांच्यांत रब्बी नव्हते. गावोगावी मुकादम, चौगुला व काजी यांच्या साहाय्याने जमात आपला कारभार पाहत असे. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. ते कंपनी सरकारच्या सैन्यातील अधिकारी होते, धर्मपंडित नव्हते. तात्पर्य, या समाजात धर्माचा अधिकार जमातीत वसत होता. जमातीच्या वर बसून निवाडा देणारे पीठ त्यास माहीत नव्हते. पुढील वाद समजून घेण्यास ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कुळाविषयीची शंका इस्राएलमध्ये प्रथमच निघाली असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईस आलेल्या बगदादी यहुद्यांपैकी काहींनी १८३६ साली दफनभूमीत बेने इस्राएलांपासून वेगळी जागा मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. रंगूनच्या सिनेगॉगमधील हक्कांचा तंटा १९३५ साली तेथील उच्च न्यायालयापर्यंत गेला व निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. परंतु या तंट्यांत राजसत्ता परकी होती. तिला यहुदी धर्माशी कर्तव्य नव्हते. राजसत्ताच यहुदी झाल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले.

या ठिकाणी १८९७ सालचे एक स्मरण उद्बोधक ठरेल. बाझल येथील पहिल्या झायोनिस्ट परिषदेस प्रतिनिधी पाठवावा असे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांना आले असता त्यांनी ते नाकारले. सियोनास परत नेणे हे ईश्वराच्या हातचे कार्य आहे, माणसांच्या सभेचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. अर्धशतकानंतर हेच लोक माणसांनी स्थापन केलेल्या राज्याच्या कायद्यानुसार तेथे गेले. १९५० चा 'परतीचा कायदा' प्रत्येक यहुद्यास इस्राएलमध्ये येऊन राहण्याचा हक्क देतो, आणि त्या हक्कानेच कोकणातील कुटुंबे तेथे स्थायिक झाली. आरंभीचे अनुभव कडू होते. कामधंद्यात वर्णभेद होतो अशी तक्रार करून बीरशेबा येथील काही कुटुंबांनी धरणे धरले, आणि १९५२ साली त्यांना भारतात परत पाठविण्यात आले. पुढे त्यांतील बहुतेक पुन्हा इस्राएलला गेली. तथापि ही तक्रार पोटापाण्याची व वागणुकीची होती. विवाहाच्या प्रश्नाने समाजाच्या अस्तित्वासच हात घातला.

याचे मूळ राज्याच्या घटनेतच होते. राज्यस्थापनेपूर्वी, १९४७ च्या जून महिन्यात, बेन गुरियन यांनी 'अगुदात इस्राएल' या कर्मठ पक्षास पत्र लिहून शब्बाथ, आहारनियम, विवाह व शिक्षण या चार बाबतींत धर्मपक्षाच्या भावना सांभाळण्याचे आश्वासन दिले. फाळणीच्या ऐन प्रश्नावर यहुद्यांत फूट दिसू नये, ही त्यामागील निकड होती. १९५३ च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह व घटस्फोट सर्वस्वी रब्बींच्या न्यायालयांकडे सोपविण्यात आले. परिणामी एकाच राज्यात यहुदीपणाच्या दोन कसोट्या निर्माण झाल्या. बंदरावर उतरणाऱ्या माणसास परतीचा कायदा यहुदी म्हणून स्वीकारीत असे. त्याच माणसाच्या मुलीचा विवाह नोंदविताना रब्बी तिच्या कुळाची चौकशी करू शकत असे.

रब्बींची शंका केवळ हट्टाची नव्हती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. धर्मशास्त्राप्रमाणे स्त्रीस विधिपूर्वक घटस्फोटपत्र, म्हणजे 'गेट', न मिळता तिने दुसरा विवाह केल्यास त्या संततीस 'मामझेर' असा दोष लागतो, आणि तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. बेने इस्राएलांना कित्येक शतके 'गेट'चा विधी ठाऊक नव्हता, तेव्हा असा दोष त्यांच्या कुळांत शिरला असेल, असे काही रब्बी म्हणत. यावरील प्रत्युत्तर मोठे मार्मिक आहे. कोकणात शेजारच्या उच्चवर्णीय हिंदूंच्या वळणाने या समाजात घटस्फोट विरळा आणि विधवांचा पुनर्विवाह अप्रशस्त मानला जाई. ज्या समाजात दुसरा विवाहच क्वचित, तेथे अशा दोषाचा संभव कितीसा? जी रूढी सुधारकांनी निंदिली, तीच येथे कुळशुद्धीची साक्ष ठरली.

मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांची भूमिकाही सर्वस्वी प्रतिकूल नव्हती. १८ ऑक्टोबर १९६१ रोजी मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाह निषिद्ध मानण्यास आधार नाही असा निर्णय दिला. परंतु कर्मठ रब्बींचा विरोध शमेना. तेव्हा १९६२ च्या फेब्रुवारीत विवाहनोंदणी करणाऱ्यांसाठी सूचना निघाल्या. बेने इस्राएल वधूवरांच्या आईकडील वंशाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, आणि पूर्वजांत घटस्फोटानंतरचे किंवा निषिद्ध नात्यांतील विवाह झाले होते काय हे पाहावे, असे त्यांत होते. तत्त्वतः दिलेली मान्यता व्यवहारात संशयाखाली गेली. रोहा किंवा पेण तालुक्यातील खेड्यात चार पिढ्यांपूर्वी झालेल्या विवाहाचा लेखी पुरावा कोण कोठून आणणार? शिवाय सूचनांत समाजाचे नाव घेतले होते. इतर देशांतून आलेल्या यहुद्यांची अशी नाव घेऊन चौकशी होत नव्हती. जातिभेदाच्या देशात राहूनही ज्यांना यहुदी म्हणून छळ सोसावा लागला नाही, त्यांच्या कुळाची शुद्धता तपासली गेली ती यहुदी राष्ट्रात, ही गोष्ट त्यांना विशेष बोचली.

निषेध वाढत गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबांनी जेरुसलेम येथे धरणे धरले. १९६३ साली पंतप्रधान झालेले लेव्ही एश्कोल यांच्यापुढे पेच असा की, त्यांच्या मंत्रिमंडळात राष्ट्रीय धर्मपक्ष सामील होता, आणि विवाहाचा अधिकार रब्बींना कायद्यानेच दिलेला होता. १७ ऑगस्ट १९६४ रोजी केनेसेतच्या खास बैठकीत हा प्रश्न आला. बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी असून त्यांचे हक्क इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत, आणि रब्बीमंडळाने त्यांच्या मनातील अन्यायाची भावना दूर करण्याचा मार्ग काढावा, असे सरकार व केनेसेत यांनी घोषित केले. ३१ ऑगस्ट रोजी रब्बीमंडळाने सूचनांतून 'बेने इस्राएल' हा शब्द वगळला व त्याऐवजी ज्याच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी असा सर्वसामान्य मजकूर घातला.

या घटनेस राजसत्तेचा धर्मपीठावरील विजय असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास हे मत सर्वस्वी ग्राह्य वाटत नाही. केनेसेतने १९५३ चा कायदा बदलला नाही. रब्बींचा अधिकार होता तेवढाच राहिला. चौकशीचे तत्त्वही कायम राहिले. एश्कोल यांनी आज्ञा केली नाही, केवळ लोकमताचे वजन रब्बीमंडळापुढे ठेवले. उलट, रब्बीमंडळ मुळीच नमले नाही असेही म्हणता येत नाही, कारण नाव वगळले गेले, आणि त्या नावातच अपमान साठलेला होता. धर्माने आपला अधिकार राखला, राज्याने आपले नागरिक राखले, आणि दोघांमधील सीमारेषा अस्पष्टच सोडून देण्यात आली. १९४७ च्या पत्राने जी तडजोड आरंभिली, तिचीच ही पुढील पायरी होती.

याहून महत्त्वाची गोष्ट आंदोलकांच्या मागणीत आहे. धर्मनिरपेक्ष विवाहाचा कायदा मिळवून रब्बींना टाळणे, हा मार्ग त्यांनी मागितला नाही. त्यांना रब्बींच्याच हातून, धर्मविधीनेच, परंतु संशयावाचून विवाह हवा होता. ज्या समाजाने रब्बी नसताना आपला धर्म सांभाळला, त्याने धर्मपीठाचा मान ठेवूनही जमातीची साक्ष हा पुरावा मानला जावा असा आग्रह धरला. आमचे आजे-पणजे यहुदी होते हे आम्हांस ठाऊक आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि ते राजसत्तेच्या व्यासपीठावरून वदविले जावे लागले, यातच त्या राष्ट्रातील धर्म व राजकारण यांचे परस्परावलंबन स्पष्ट होते.

आज या समाजाचा फार मोठा भाग इस्राएलमध्ये आहे. महाराष्ट्रात उरलेल्यांचे ठाणे हे एक प्रमुख केंद्र आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. या दोन मान्यतांची तुलना अभ्यासकांनी अवश्य करावी. महाराष्ट्राने या समाजाची ओळख मान्य केली ती वेगळ्या धर्माचे नागरिक म्हणून. इस्राएलमध्ये त्याला झगडावे लागले ते एकाच धर्माचे नागरिक म्हणून मान्यता मिळावी यासाठी. वेगळेपण मान्य करणे राजसत्तेस सोपे जाते. एकपण मान्य करताना तिला धर्माच्या दारात उभे राहावे लागते. पनवेल आणि ठाणे येथील सिनेगॉगांच्या इतिहासाचा मागोवा घेणाऱ्याने ही गोष्ट दृष्टीआड करू नये.