चाल कोणाजवळ आहे?

आपल्या जुन्या भजनांच्या पुस्तकात, किंवा एखाद्या धर्मग्रामातील गायकवृंदाच्या हस्तलिखित वहीत, पदाच्या माथ्यावर पुष्कळदा एक छोटी ओळ आढळते. ‘चाल’ हा शब्द, त्यापुढे एक आडवी रेघ आणि नंतर दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. सांगण्याचा हेतू सरळ आहे : ते गाणे तुम्हांला येतेच, त्याच वळणावर हेही म्हणा. ज्याने ही ओळ लिहिली त्याला स्वरलिपी ठाऊक नसेल, किंवा तिची गरज भासली नसेल. कारण ते दुसरे गाणे तेव्हा घरोघरी म्हटले जात होते. पुढे काळ पालटला. ते गाणे लोकांच्या ओठांवरून गेले आणि वहीतले पद मुके झाले. शब्द आहेत, यमके जागच्या जागी आहेत, पण म्हणायचे कसे हे सांगणारा कोणी उरला नाही.

जुन्या गाण्यांचा इतिहास लिहिताना आपण कवींची व गायकांची चरित्रे लिहितो, आणि ते योग्यच आहे. परंतु गाणे पुढच्या पिढीच्या हाती पडते ते ऐकणाऱ्यांच्या देवघेवीतून. तुला कोणते आठवते, मला कोणते आठवते, तुझ्या आजीने अंतरा कसा म्हटला, या बोलण्यातून. या देवघेवीचा मागोवा घ्यायचा तर तासगावच्या परिसराइतका समृद्ध मुलूख थोडाच सापडेल. द्राक्षे, बेदाणे आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिराचे गोपुर यांसाठी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. तासगाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते; १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. येथील कॅथलिक कुटुंबे थोडी आहेत व ती पुणे धर्मप्रांतात मोडतात. तथापि ज्या सुरांच्या आधाराने आपण सर्व मराठी कॅथलिक देवाची स्तुती करतो, त्यांतील कितीतरी सुरांचे माहेर याच मुलखात आहे.

तासगाव तालुक्यातील सावळज या गावाचे नाव तमाशाच्या इतिहासात अग्रभागी येते. उमाबाबू सावळजकर यांनी १८६५ साली रचलेला ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. वगातील लावणी छापून विकत मिळण्याचे ते दिवस नव्हते. ती फडावर ऐकायची, परतीच्या वाटेवर गुणगुणायची आणि शेजाऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायची. विसाव्या शतकात सांगली-तासगाव रस्त्यावरील कवलापूरच्या काळू-बाळूंनी आपला फड गाजवला, तेव्हाही गाणे पसरण्याची मुख्य वाट तीच होती. इकडे सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या खेळात पदे म्हणत असे सूत्रधार. पात्रांनी आपली पदे आपणच म्हणावीत ही रीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांनी रुजवली. किर्लोस्करांनी चाली कोठून घेतल्या? लावणीतून, साकी-दिंडीतून, ओवीतून आणि कर्नाटकातील गाण्यांतून. त्यांच्या छापील पदांच्या माथ्यावरही तीच ओळ आहे : ‘चाल’, आणि पुढे एखाद्या जुन्या गाण्याचे नाव. त्यांतील अनेक मूळ गाणी आज कोणालाही येत नाहीत; नाटके गाजली म्हणून त्यांच्या चाली तेवढ्या वाचल्या.

ओवीचा उल्लेख झाला की कॅथलिक वाचकाला फादर थॉमस स्टीफन्स आठवणारच. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एकट्याने मनात वाचण्यासाठी लिहिलेला नव्हता. रविवारी व सणाच्या दिवशी नवख्रिस्ती लोकांच्या मेळाव्यात तो गाऊन दाखवला जाई. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. पुढे १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले, आणि त्यानंतर ग्रंथ पुन्हा छापण्याची आशाच मावळली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? कुटुंबांनी तो हातांनी उतरवून घेतला. टिपू सुलतानाच्या बंदिवासातही याच ओव्यांनी लोकांना धीर दिला, असे मंगळूरकडील कॅथलिकांची परंपरा सांगते. अशा हस्तलिखितांवरून जे. एल. सल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. मराठी मनुष्याने या अज्ञात लेखनिकांचे ऋण विसरू नये.

मात्र त्यांनी उतरवले ते शब्द. फादर स्टीफन्स यांच्या श्रोत्यांनी ती ओवी कोणत्या सुरांत ऐकली, हे कोणत्याही पोथीत नाही. ती चाल एका कंठातून दुसऱ्या कंठात गेली असेल, वाटेत बदलली असेल, जात्यावरच्या ओवीत मिसळलीही असेल. चार शतकांपूर्वीच्या एका महान गीताचे अर्धे अंग आपल्या हाती आहे; दुसरे अर्धे केवळ माणसांच्या संगतीवर सोपवले होते, आणि ती संगत तुटली.

ही उणीव ज्याने मनावर घेतली तो मनुष्यही तासगावच्याच मुलखाशी बांधलेला होता. पलूस हे गाव आज स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे, पूर्वी ते तासगाव तालुक्यात होते. त्या गावावरून आडनाव मिळालेल्या घराण्यात १८७२ साली कुरुंदवाड येथे विष्णू दिगंबर पलुसकर जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांच्या दृष्टीला कायमची इजा झाली, आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे हेच ते बाळकृष्णबुवा. त्या काळी चीज म्हणजे घराण्याची ठेव. ती परक्यास सहज मिळत नसे. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि चिजा छापून सर्वांच्या हाती दिल्या. १९३१ साली मिरजेसच त्यांनी देह ठेवला. छापील स्वरलिपीतून गाणे जसेच्या तसे उमटत नाही, हा जाणकारांचा आक्षेप खराच आहे. पण ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याला ती निदान उंबरठ्यापर्यंत पोहोचवते, आणि मला हे मोल थोडे वाटत नाही.

पलुसच्याच तालुक्यात आज नागठाणे हे गाव आहे. तेथे २६ जून १८८८ रोजी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचा जन्म झाला. १९०५ साली मिरजेत त्यांनी किर्लोस्कर मंडळीत शकुंतला उभी केली, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, ‘मानापमान’ व ‘स्वयंवर’ या नाटकांची पदे माजघरापर्यंत पोहोचली, हे सर्व पुष्कळांना ठाऊक आहे. येथे सांगावयाची गोष्ट निराळी. गंधर्वांच्या साथीला अहमदजान थिरकवाँ यांचा तबला असे, कादरबक्ष यांची सारंगी असे, आणि त्यांच्या जोडीला पायाने भाता चालवून वाजवायचा ऑर्गन असे. हे वाद्य आपल्या ओळखीचे आहे. नळ्यांचा मोठा ऑर्गन ज्यांना परवडत नसे अशा युरोपातील लहान चर्चांमध्ये व प्रार्थनामंदिरांत हा पत्तींचा ऑर्गन मिस्सेच्या गायनाला साथ देई. मिशनऱ्यांबरोबर तो व त्याची धाकटी बहीण हार्मोनियम भारतात आली. बंगालमध्ये हार्मोनियमला हाताने चालवायचा भाता बसला, आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या देशाला आपली पेटी मिळाली. प्रार्थनामंदिरातून निघालेला तो लांब, भरीव स्वर मराठी रंगभूमीने असा आपलासा केला की आज नाट्यपदाची कल्पना ऑर्गनवाचून करवत नाही. मग भजनी मंडळांच्या पेटीवर नाट्यपदांच्या चाली चढल्या, आणि त्याच पेटीवरून त्या ख्रिस्ती भजनांत परतल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या काळापासून मराठी ख्रिस्ती भजन व कीर्तन या देशी वळणावर चालत आले आहे. पंथ निराळा असला तरी त्या वाटेचा लाभ आपल्या उपासनेलाही झाला आहे.

गंधर्वांचे गाणे ध्वनिमुद्रिकांवर टिकले, तरी त्यातही एक खोच आहे. तेव्हाच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत पद रंगत जाई, तबकडीवर त्याचा अर्कच उतरे. ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले होते ते म्हणत, ‘हे गंधर्व खरे, पण एवढेच गंधर्व नव्हेत.’ उरलेले काय होते, हे पुढच्या पिढीला तबकडीशेजारी बसलेल्या अशा माणसानेच सांगितले. मिरजेस वास्तव्य करून राहिलेले, १९३७ साली निवर्तलेले अब्दुल करीम खाँ यांचेही तसेच. त्यांच्या तबकड्या आहेत. पण मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातील उरुसाच्या वेळी होणाऱ्या गायनसभेत त्यांची आठवण ज्या रीतीने जागते ती तबकडीत मावणारी नाही. त्याच मिरजेत शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवू लागली. पंढरपूर भागातील भोपळ्यांचे तंबोरे तेथून देशभर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

नंतर रेडिओ आला. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला स्टुडिओचे दार बंद केले. ते किलकिले झाले १९७१च्या सुमारास. म्हणजे १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा, गावोगावच्या भजनात जी पेटी हक्काने बसत होती, ती सरकारच्या लेखी अजून बहिष्कृत होती! तरीही रेडिओने गाण्यांच्या देवघेवीला जे रूप दिले त्याला तोड नाही. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’ची ५६ गीते आठवड्यामागून आठवडे प्रसारित झाली. त्यांचे कवी ग. दि. माडगूळकर सांगली जिल्ह्यातील शेटफळ्याचे. एकदा ऐकलेले गाणे पुन्हा कधी कानी पडेल याचा भरवसा नसल्याने रेडिओजवळ वही-पेन्सिल घेऊन बसण्याची सवय कित्येक घरांना लागली. ‘आपली आवड’ हा कार्यक्रम तर केवळ श्रोत्यांच्या पत्रांवर चाले. पोस्टकार्डावर गाण्याचे नाव, खाली कुटुंबातील सर्वांची नावे आणि गाव. निवेदिका ती नावे वाचू लागली की ज्यांना आपण कधी पाहिले नाही, पाहणारही नाही, अशा माणसांशी एका गाण्यापुरते नाते जुळे. अमुक गावच्या अमुक घरालाही हेच गाणे आवडते, एवढ्यानेच मनुष्याला बरे वाटत असे.

त्या काळच्या हिंदी चित्रपटगीतांमध्ये आपल्या बांधवांचा वाटा किती मोठा होता, हे मात्र पोस्टकार्ड पाठवणाऱ्यांना फारसे ठाऊक नव्हते. गोव्याच्या धर्मग्रामांतील संगीतशाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेले कॅथलिक तरुण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यांतील ठळक नावे. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून कित्येक वाद्यांत वाटून देणे हे त्यांचे काम. तबकडीवर गायक, संगीतकार व गीतकार यांची नावे येत; यांची येत नसत. गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटाच्या एका गीतात गुरूचे नाव गुंफले, तेव्हा ते नाव देशभर झाले. परंतु ते एका खऱ्या वादकाचे आहे हे गाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत होते. शब्द गेले की लोक हळहळतात. नावे गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

सांगलीचे आकाशवाणी केंद्र ज्या १९६३ साली सुरू झाले, त्याच वर्षी ४ डिसेंबरला द्वितीय व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचे विधान संमत केले. लोकांच्या धार्मिक गायनाला उत्तेजन द्यावे, आणि ज्या देशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य मान व स्थान मिळावे, असे त्यात सांगितले आहे. लॅटिन मिस्सा ऐकत वाढलेल्या आपल्या धर्मग्रामांना मराठी गीतांची तातडीने गरज पडली. धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी, शाळामास्तरांनी आणि पेटीवाल्यांनी ती रचली. कोणी अभंगाच्या वळणावर, कोणी भूपाळीच्या, कोणी आदल्या रात्री रेडिओवर ऐकलेल्या भावगीताच्या. चक्रमुद्रित कागदांवरून ती एका धर्मग्रामातून दुसऱ्यात गेली. बहुतेक कागदांवर रचनाकाराचे नाव नाही. विनय म्हणून ते शोभले असेल. इतिहासाच्या दृष्टीने ते महाग पडले.

त्या पिढीतील पुष्कळ माणसे आता देवाघरी गेली आहेत. जी आहेत त्यांना विचारले की प्रथम ती संकोचतात. आवाज राहिला नाही म्हणतात, पेटीचे स्वर उतरले आहेत म्हणतात. मग समवयस्क कोणी शेजारी येऊन बसला आणि त्याने चुकीचा अंतरा धरला, की त्यांना राहवत नाही. ‘अहो, असे नव्हे,’ म्हणून ती आपणच गाऊ लागतात. एका आठवणीला दुसरी लागून येते. हे पद कोणत्या फादरांनी शिकवले, कोणाच्या लग्नात प्रथम म्हटले, मूळ गाणे कोणत्या नाटकातले, सारे निघते. हाताशी मोबाईल असेल तर गाणे तेथल्या तेथे मुद्रित होते, आणि वहीतल्या त्या पानावर, ‘चाल’ या शब्दापुढच्या अर्धवट ओळीच्या शेजारी, शिकवणाऱ्याचे नाव, धर्मग्राम आणि साल लिहिण्यापुरती जागाही बहुधा मोकळीच असते.