हृदय थांबवून झडपेचं ऑपरेशन: तेवढा वेळ हृदयाचा स्नायू कसा वाचवतात?

घरातल्या कुणाच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, की डॉक्टरांचं एक वाक्य सगळ्यांना घाबरवतं: "ऑपरेशनच्या वेळी हृदय थोडा वेळ थांबवावं लागेल." हृदय थांबलं तर माणूस जगतो कसा? आणि थांबलेलं हृदय पुन्हा सुरू होतं कसं?

हृदय का थांबवतात?

झडपा हृदयाच्या आत असतात. लहानपणी झालेल्या रूमॅटिक तापामुळे झडप खराब झालेले रुग्ण भारतात आजही मोठ्या संख्येने आहेत. ओपन हार्ट पद्धतीने झडप दुरुस्त करायची किंवा बदलायची, तर हृदय उघडावं लागतं. धडधडत्या, रक्ताने भरलेल्या हृदयात बारीक टाके घालणं फार अवघड असतं.

या काळात शरीराला रक्त पुरवतं हार्ट-लंग मशीन. अमेरिकेतले सर्जन जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये या यंत्राच्या मदतीने पहिलं यशस्वी हृदय ऑपरेशन केलं. हे यंत्र परफ्युजनिस्ट चालवतात.

मग धोका कुठे आहे?

सर्जन महाधमनीला चिमटा लावतात. याला क्रॉस क्लॅम्प म्हणतात. मेंदू, किडनी यांना मशीनचं रक्त मिळत राहतं, पण हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या कॉरोनरी धमन्या चिमट्याच्या अलीकडे, हृदयाच्या बाजूला असतात. म्हणजे सगळ्या शरीराची सोय होते आणि उपाशी राहतं ते हृदयच. मेलेला हृदयस्नायू जवळपास पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे झडप उत्तम बसली, पण स्नायू दुबळा झाला, तर ऑपरेशनचा फायदा निघून जातो.

उपाय: कार्डिओप्लेजिया

कार्डिओप्लेजिया म्हणजे पोटॅशिअम जास्त असलेलं, बहुतेक वेळा थंड द्रावण. ते कॉरोनरी धमन्यांतून स्नायूत सोडतात. पेशींबाहेर पोटॅशिअम वाढलं, की पुढच्या ठोक्याचा विद्युत संदेश तयार होत नाही आणि हृदय सैल अवस्थेत शांत होतं.

नुसतं थांबवल्यानेच स्नायूची ऑक्सिजनची गरज साधारण ९० टक्क्यांनी घटते. थंडाव्याने ती आणखी कमी होते. म्हणजे हृदय थांबवणं हाच त्याला वाचवण्याचा मार्ग आहे.

ही कल्पना ब्रिटनमध्ये डेनिस मेलरोझ यांनी १९५५ मध्ये मांडली. पण त्यांच्या द्रावणातलं पोटॅशिअम फार जास्त होतं. स्नायूला इजा होते असं दिसल्यावर पद्धत मागे पडली. पुढे १९७० च्या दशकात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पोटॅशिअमचं प्रमाण कमी ठेवून नवं द्रावण तयार झालं आणि ही पद्धत जगभर रुजली. आता अनेक ठिकाणी हे द्रावण रुग्णाच्याच रक्तात मिसळून देतात.

झडपेच्या ऑपरेशनमधली खास अडचण

नेहमी हे द्रावण महाधमनीच्या मुळाशी सोडतात. पण महाधमनीची झडपच गळकी असेल, तर ते कॉरोनरी धमन्यांत न जाता मागे हृदयात उतरतं आणि हृदय फुगतं. अशा वेळी सर्जन महाधमनी उघडून थेट कॉरोनरीच्या तोंडातून, किंवा उलट दिशेने कॉरोनरी सायनस या शिरेतून द्रावण देतात.

झडप अरुंद असल्याने वर्षानुवर्षं जोर लावून हृदयाचा स्नायू जाड झाला असेल, तर आतल्या थरापर्यंत द्रावण पोचणं कठीण जातं. तिथे जास्त काळजी घ्यावी लागते.

घड्याळ चालूच असतं

एका डोसचा परिणाम कायम टिकत नाही. रक्तमिश्रित पद्धतीत साधारण दर २० मिनिटांनी डोस पुन्हा देतात. डेल निडो नावाच्या द्रावणाचा एक डोस जास्त वेळ पुरतो.

झडप बसली, की हृदयातली हवा काढून चिमटा सोडतात. उबदार रक्त आत येतं, पोटॅशिअम धुऊन जातं आणि बहुतेकदा हृदय आपोआप धडधडू लागतं. लय बिघडली तर हलका विद्युत झटका देतात.

चिमटा किती मिनिटं होता, याची नोंद ऑपरेशनच्या कागदपत्रांत 'क्रॉस क्लॅम्प टाइम' म्हणून असते. हृदयाला रक्ताविना किती वेळ काढावा लागला, हे तो आकडा सांगतो.