लॉग केबिन, गोधडी आणि शाळेतला तो क्विल्ट ब्लॉक

इथल्या प्राथमिक शाळांत क्विल्ट कधी ना कधी येतोच. कधी गणितात अपूर्णांक शिकवायला, कधी इतिहासात, तर कधी "तुमच्या घराची ओळख सांगणारा कापडाचा एक चौकोन पाठवा" अशी चिठ्ठी दप्तरातून घरी येते. मग आपण रात्री दहा वाजता ताजमहालाचं चित्र छापून चिकटवायला बसतो. त्यापेक्षा एक चौकोन खरंच शिवावा. लेकरांना सांगायला गोष्टही भरपूर आहे.

बहुतेक वर्गांत जो नमुना दाखवतात तो लॉग केबिन. मधे छोटा चौकोन, बहुतेकदा लाल. तो म्हणजे घरातली चूल, असं इथं मानतात. त्याच्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या, दोन बाजूंना फिकट आणि दोन बाजूंना गडद. लिंकन १८६० साली निवडून आला, आणि त्यानंतरच्या दशकात हा नमुना घरोघरी पसरला. असे चौकोन वेगवेगळ्या तऱ्हेने मांडले की नवी नक्षी तयार होते. एका मांडणीचं नाव तर चक्क 'सरळ तास', नांगराचं तास! त्याच काळात इथल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडला जाणारा अमेरिकन कापूस अडला, आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो बाजार कोसळला. क्विल्टवाल्यांच्या तोंडी कायम असलेला 'कॅलिको' हा शब्दही आपल्या कालिकतवरूनच आलाय.

आता एक सावधगिरी. मुलं शाळेतून हमखास एक गोष्ट ऐकून येतात: गुलामगिरीतून पळणाऱ्या लोकांना वाट दाखवायला क्विल्टमध्ये गुप्त खुणा असत, आणि मधे काळा चौकोन असलेला लॉग केबिन दोरीवर वाळत घातला असेल तर ते घर सुरक्षित. ही गोष्ट पसरली ती १९९९ सालच्या एका पुस्तकामुळे. क्विल्टचा इतिहास शोधणाऱ्यांना तिला पुरावा सापडलेला नाही. १९३०च्या दशकात सरकारने गुलामगिरीतून सुटलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्यातही या खुणांचा पत्ता नाही. गोष्ट गोड आहे, मान्य. पण मला वाटतं, त्या बायांची खरी हकीकत मुलांना जास्त कळेल.

उदाहरणार्थ हॅरिएट पॉवर्स. जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेली. तिने बायबलातल्या गोष्टी कापडाचे आकार कापून क्विल्टवर मांडल्या, आणि १८८६ मध्ये तो अथेन्स गावच्या जत्रेत ठेवला. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने तो विकत मागितला. हॅरिएट नाही म्हणाली. पुढे चार-पाच वर्षांनी हातातोंडाची गाठ पडेना, तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाच मिळाले. देताना तिने एकेका चौकटीची गोष्ट सांगितली, स्मिथने ती लिहून ठेवली. नंतर ती आपल्या क्विल्टला भेटायला स्मिथकडे जात असे, माहेरवाशिणीला बघायला जावं तशी. आज तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे.

आणि अलाबामातलं जीज बेंड. तिथल्या मिसूरी पेटवेने १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांचा क्विल्ट शिवला, अंगावर घेऊन झोपायला. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. याच गावचे क्विल्ट २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली.

आपली गोधडी मात्र आपण गरिबीची खूण म्हणून माळ्यावर टाकली. गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणत, तेवढाच काय तो तिचा मान! जुनी लुगडी, धोतरं थरावर थर पसरायची, वर ठिगळं मांडायची आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालत जायचं. पुष्कळदा टाके कडेने सुरू होतात आणि चौकोनात चौकोन करत मधे येऊन संपतात. लॉग केबिन याच्या बरोबर उलटा, मधून सुरू होऊन बाहेर वाढणारा. मुलांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवा, लगेच ओळखतात.

शिवायचा असेल तर: मधला चौकोन अडीच इंचांचा, पट्ट्या दीड इंच रुंदीच्या, शिवण पाव इंच. दोन फिकट पट्ट्या, मग दोन गडद, एकाच दिशेने फिरत. असे तीन फेरे, म्हणजे बारा पट्ट्या. चौकोन साडेआठ इंचांचा होतो, क्विल्टमध्ये जोडल्यावर आठ. जुन्या सुती साडीचं कापड विरलेलं असतं, म्हणून खाली मांजरपाट घ्या आणि त्यावरच शिवत जा. प्रत्येक पट्टी लावली की इस्त्री. इथं आळस केलात तर चौकोन तिरका होणार. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हाताने धावदोरा सहज जमतो, कात्री तेवढी आपल्या हातात ठेवा.

भारतात जाल तेव्हा तेवीस किलोच्या बॅगेत अख्खी गोधडी मावेलच असं नाही. साडीचा वीतभर तुकडा मावतो. तो देताना आजीला विचारा, ही साडी कधीची, कुणी घेतली, कशाला नेसली होतीस. ते मुलाच्याच अक्षरात कापडाच्या पट्टीवर देवनागरीत लिहून चौकोनाच्या पाठीला शिवा. इथल्या बायका क्विल्टमागे नाव-साल लिहितात, तसंच.

तुमच्या घरी काय म्हणतात, गोधडी की वाकळ? आणि कुणाकडे अजून आहे का एखादी? फोटो टाका, पाठची बाजूसुद्धा.