वर्गणीची वही आणि हलगी

मी गायक नाही, वादकही नाही. मांगाच्या घरात जन्मूनही माझ्या बोटांत ताल उतरला नाही. तरी आमच्या वस्तीच्या गाण्याबजावण्याशी माझा जवळचा संबंध आहे. तो हिशेबाचा. १९६४ साली भीमजयंतीसाठी आणि बाजाची पेटी घेण्यासाठी वर्गणी गोळा झाली, तेव्हा मी सातवीत होतो. अक्षर बरे म्हणून वही माझ्या हाती आली. कोणी चार आणे लिहिले, कोणी आठ आणे, कोणी मापटंभर जोंधळे. एका म्हातारीने कोंबडीची अंडी आणून दिली. ती विकून आलेले पैसे मी तिच्या नावापुढे मांडले. महारवाडा तोपर्यंत बौद्धवाडा झाला होता, मांगवाडा मांगवाडाच होता. वहीत मात्र दोन्हीकडची नावे एकाखाली एक आहेत. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आपल्या चळवळीच्या गाण्यांचा इतिहास लिहिताना शाहिरांची नावे येतात, कवनांची चर्चा होते. पण त्या गाण्याला पैसा कोणी पुरवला, शाहिराला शिकवले कोणी, आणि शिकवणाऱ्याची चूल कशावर पेटत होती, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कला ही जणू रक्तातूनच येते, तिला भाकरी लागत नाही, अशी एक समजूत आहे. ही समजूत गावाने आपल्याबद्दल करून घेतली आणि पुढे आपणही ती खरी मानली. तिच्यापायी आपले किती नुकसान झाले ते मला सांगायचे आहे.

माझा आजा हलगी वाजवी. सातारा-सांगलीकडच्या गावांत हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा मेळ ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे वाद्य काय आहे ते सांगायला नको. कड्यावर ताणलेले कातडे, उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्या हातात बारीक लवचीक काडी. वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकायची, कातडे चढले की आवाज खणखणतो. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात आजा असला की पैलवान हात मिळवताना एक चाल, डाव पडताना दुसरी, चितपट झाल्यावर तिसरी. लग्नाची चाल निराळी, पालखीची निराळी, मयताची निराळी. यातले काहीही कागदावर नव्हते. आज्याने ते त्याच्या बापाकडून मार खाऊन घेतले होते. वर्षानुवर्षांचा अभ्यास होता तो. पण गावाच्या भाषेत त्याला विद्या हा शब्द नव्हता. ते मांगाचे काम होते. दोर वळणे, केरसुण्या बांधणे आणि हलगी बडवणे एकाच ओळीत मोजले जाई. मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर, पाटलाच्या मर्जीने. लग्नात मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे, सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले फडक्यात बांधून घ्यायचे. वाजवायला नाही म्हणण्याची सोय नव्हती. नकार देता येत नाही ती वेठ, मग तिच्यात कला कितीही असो.

आता त्याच काळात गावाबाहेर काय चालले होते ते पाहावे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांची संगीतशाळा १८८६ साली सुरू झाली. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये ते मुंबईला आणले. पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा आजही गावोगावी होतात. हे काम मोठे आहे, ते नाकारण्याचे मला कारण नाही. गाणे ही सभ्य माणसाने शिकण्याची गोष्ट नव्हे, असे मानणाऱ्या पांढरपेशा घरांत त्यांनी तंबोरा नेला. पण हे साधले कसे? देणग्या मिळवून, जलसे करून, तिकिटे लावून, पुस्तके छापून, स्वरलिपी बसवून. कर्ज काढून बांधलेली मुंबईची इमारत पलुसकरांना कर्जापायीच गमवावी लागली. म्हणजे ज्यांच्यामागे संस्थानिक आणि सावकार उभे राहू शकत होते त्यांनाही संगीताचे शिक्षण पैशाअभावी जड गेले. ज्यांच्यामागे कोणीच नव्हते त्यांचे काय?

त्या शाळांच्या अभ्यासक्रमात हलगी नव्हती. संबळ नव्हता. संगीत म्हणून जे ठरले त्याची वेस गावकुसापाशीच संपली. आमचे वाजवणे गोंगाटात जमा झाले, नंतर फार उदार होऊन कोणी त्याला लोककला म्हटले.

आमची शाळा होती तमाशाचा फड. मांग आणि महार कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या हे फड चालवले. ढोलकीचा हात, तुणतुण्याचा सूर, झिलकऱ्यांची साथ, हजरजबाबी बतावणी हे सारे पोरगा फडाबरोबर हिंडत शिकायचा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. पण तमाशाच्या संस्कारातून उठलेला हा माणूस १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे करतो आणि तमाशाचे लोकनाट्य करून दाखवतो. फडाने दिलेले शिक्षण किती पक्के होते याला आणखी पुरावा नको. पण या शाळेला अनुदान नव्हते, सुट्टी नव्हती, आणि तिथल्या स्त्री-कलावंताला जी किंमत मोजावी लागली ती कोणत्याच वहीत मांडलेली नाही.

मग बाबासाहेबांची चळवळ आली. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले आणि गावोगाव हलकी कामे सोडण्याचे ठराव झाले. मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, आणि पुष्कळ ठिकाणी गावकीचे वाजवणेही बंद झाले. हे करणाऱ्यांनी फार सोसले. वाट अडवली गेली, दाणे बंद झाले, बहिष्कार पडले. माझ्या बापाने पन्नास सालानंतर कधीतरी पाटलाच्या घरच्या लग्नाला वाजवायला नकार दिला. आजा थरथरत होता. त्या सुगीला आमच्या घरात खळ्याचा दाणा आला नाही. बापाने हलगी आढ्याला टांगली आणि म्हणाला, “आता ही खाली यायची नाही.” बाप बरोबर होता. मी आजही त्याला बरोबरच म्हणेन.

चळवळीने नुसते सोडायला सांगितले नाही, नवे उभेही केले. सत्यशोधकांनी जलशाची वाट आधी दाखवली होती. १९३० नंतरच्या काळात नाशिककडून भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. तमाशाचाच साचा, पण गणातले देवस्तवन गेले, गौळणीतला चावटपणा गेला, आणि बतावणीच्या जागी सावकार, भट आणि अस्पृश्यता यांवरचे सवाल आले. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार अजून सांगितले जातात. त्याच नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १९२२, अक्षरे शिकले ते मोठेपणी, मुंबईत. १९४३ पासून २००४ साली मरेपर्यंत त्यांनी हजारो गाणी लिहिली, गायली, आणि पुढच्या गायकांच्या कित्येक पिढ्यांना पुरवली.

या जलशांना आश्रय कोणाचा होता? संस्थानिक नव्हते, ग्रामोफोन कंपन्या फार उशिरा आल्या. आश्रय होता चाळीतल्या गिरणी कामगाराचा, गोदीतल्या हमालाचा, गावातल्या रोजंदारी बाईचा. म्हणूनच त्या वहीकडे मी केवळ आठवण म्हणून पाहत नाही. आपल्या संगीताचा राजाश्रय काय होता, ते तिच्यात लिहिले आहे.

त्या वहीतून पेटी आली. मुंबईच्या गिरणीतून आजारी होऊन परतलेला एक माणूस आम्हा पोरांना संध्याकाळी शिकवायचा. त्याला महिना ठरलेला नव्हता. आळीपाळीने घरोघरी जेवण, एवढेच. दोन वर्षांनी तो खंगून गेला. त्याच्या औषधासाठी वर्गणी काढावी असे कोणालाच सुचले नाही. पेटीच्या दुरुस्तीचा खर्च वहीत आहे, पेटी शिकवणाऱ्याचा नाही. वही माझ्याच हातात होती, तेव्हा हा दोष मी दुसऱ्यावर ढकलत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला अधिक अवघड आहे. पेटी आली त्या जयंतीला आजा आढ्यावरची हलगी काढून घेऊन आला. बाप गप्प राहिला. बाबासाहेबांच्या मिरवणुकीत वाजवायचे म्हणून आज्याने ती शेकून ठेवली होती. बौद्धवाड्यातली शिकलेली तरुण मंडळी म्हणाली, “आजोबा, हे गुलामीचे वाद्य. बाबासाहेबांपुढे नको.” त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, आदरच होता. आजा काही बोलला नाही. विहाराच्या ओट्याखाली हलगी मांडीवर घेऊन बसून राहिला. नंतरच्या वर्षांत पोरांना ढोलकीचे बोल तो सांगायचा, चुकले की ओरडायचा. हलगी मात्र त्याने पुन्हा काढली नाही. त्याच्या कुस्तीच्या चाली, पालखीच्या चाली कोणी घेतल्या नाहीत. मी लिहू शकत होतो, आणि मी त्याला एकदाही विचारले नाही.

इथे आपली चूक कुठे झाली? वेठ सोडणे हा धर्मच होता. पण वेठीला बांधलेली विद्या वेठीबरोबर फेकून देण्याची गरज नव्हती. गुलामी कातड्यात नव्हती. मांडवाबाहेर उभे करण्यात होती, नकाराचा हक्क नसण्यात होती, उरलेले फडक्यात बांधून देण्यात होती. स्वखुशीने, मान आणि दाम घेऊन, आपल्याच मुक्तिदात्यापुढे वाजवलेली हलगी गुलामीची कशी? आणि त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट दडली होती. हलगी मांगाची होती आणि नको म्हणणारे मांग नव्हते. वहीत एकत्र आलेल्या दोन वाड्यांत मिरवणुकीत अंतर पडले, आणि पुढे आपल्या राजकारणातही ते वाढलेलेच आपण पाहिले.

दुसऱ्या बाजूची दारेही सहज उघडली नाहीत. वस्तीतला एक गळ्याचा पोरगा आम्ही तालुक्याच्या गावी एका वर्गात पाठवला. पहिल्या दिवशी त्याला विचारले, कुठे शिकलास? त्याने वस्तीचे नाव सांगितले. त्यानंतर सहा महिने त्याच्या वाट्याला सतरंज्या टाकणे आणि तंबोरे पुसणे एवढेच आले. तरी तो हटला नाही, दुसऱ्या गुरूकडे शिकून विशारद झाला. आज तो शिकवतो. त्याच्याकडे यमनची बंदिश आहे, पण आमच्या आज्यांचा ताल त्याच्या परीक्षेत कधी आला नाही.

शासनाकडे वृद्ध कलावंतांसाठी मानधन आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, पुरस्कार आहेत. त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण क्रम पाहा. मांग नारायणगावकरांच्या फडातली विठाबाई राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेली, २००२ साली गेली ती हलाखीत, आणि आता तिच्या नावाने जीवनगौरव दिला जातो. अण्णाभाऊ १९६९ साली दारिद्र्यातच गेले. आज त्यांचे पुतळे आहेत. आपल्याकडे कलावंताचा सन्मान शेवटी येतो, शिक्षणाची मदत सुरुवातीला येत नाही. शिष्यवृत्तीने काय घडते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्या बडोद्याने संगीतशाळा काढली त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला शिकायला गेले.

शासनाकडे मागायचे ते मागूच. पण वर्गणी आपल्या हातात आहे. आज जयंतीची वर्गणी माझ्या वहीत मावणार नाही एवढी होते, आणि तिचा मोठा वाटा एका रात्रीच्या भाड्याच्या कर्ण्यांच्या भिंतीवर जातो. त्या दणदणाटात वस्तीतल्या पोराचा गळा ऐकूही येत नाही. जयंती साजरी करू नका असे मी म्हणत नाही. वर्गणीचा दहावा भाग बाजूला काढा एवढेच म्हणतो. त्यातून वस्तीतल्या एका शिकवणाऱ्याला दरमहा ठरलेला पगार द्या. जेवण नव्हे, पगार. हुशार पोरापोरींची परीक्षेची फी भरा. हलगी, ढोलकी, संबळ वाजवणारे जे म्हातारे अजून आहेत त्यांच्यापुढे बसा. प्रत्येकाच्या खिशात आता आवाज टिपणारे यंत्र आहे. चाल टिपा, चालीचे नाव लिहा, वाजवणाऱ्याचेही नाव लिहा, आणि त्या दिवसाची मजुरी त्याच्या हातात ठेवा. वाद्याची जात पुसायची असेल तर ते सगळ्या वाड्यांतल्या मुलींनी आणि मुलांनी शिकले पाहिजे. फेकून दिल्याने जात पुसली जात नाही, वाद्य तेवढे जाते.

गेल्या वर्षी मी ती जुनी वही आमच्या वस्तीतल्या पोरांना दाखवली. एका मुलीने शेवटच्या कोऱ्या पानावर बोट ठेवून विचारले, “आजोबा, इथं लिहायचं का?” त्या पानावर आता पहिली नोंद आहे: शिकवणाऱ्याचा पगार, एक महिना. आज्याची हलगी मी आढ्यावरून उतरवली आहे. कातडे फाटले आहे, कडे शाबूत आहे. कातडे नवे चढवता येते. आज्याच्या चाली ज्यांना ऐकून ठाऊक असतील असे दोन म्हातारे शेजारच्या गावात आहेत. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे निघालो आहोत.