तिबेटच्या भटक्या पशुपालकांबद्दल जग काय बोलतं? आणि भारत गप्प का?

हिवाळा लागला की नागपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं दिसू लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तर १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉरग्यालिंग ही वसाहत आहे. पण तिकडे तिबेटच्या पठारावर राहिलेल्या पशुपालकांचं काय? समजून घेऊया.

मूळ वाद काय आहे?

याक आणि मेंढ्या घेऊन ऋतूप्रमाणे कुरणं बदलणाऱ्या या लोकांना ‘ड्रोक्पा’ म्हणतात. अतिचराईमुळे कुरणं उजाड होतात, असं सांगत चीनने २००३ मध्ये चराई कमी करण्याची मोठी योजना सुरू केली. अनेक ठिकाणी कुंपणं आली, चराईबंदी झाली आणि हजारो कुटुंबं नव्या वसाहतींत हलवली गेली. स्थलांतर स्वेच्छेने होतं आणि त्यातून घर, शाळा, दवाखाना मिळतो, असं चीन म्हणतो. टीकाकारांच्या मते, कुरणं खराब होण्यामागे हवामानबदलही आहे. शिवाय जनावरं गेली की कुटुंबाचं उत्पन्नही जातं. आपल्याकडच्या मेंढपाळांना चराईबंदी नवी नाही, त्यामुळे हा पेच ओळखीचा वाटेल.

बाहेरचे देश काय करतात?

संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक तज्ज्ञ ऑलिव्हिए दे शुटर २०१० मध्ये चीनला गेले होते. पशुपालकांचं सक्तीचं पुनर्वसन थांबवा, आधी त्यांच्याशी बोला, असं त्यांनी सुचवलं. अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये तिबेटविषयक कायदा केला. कुरणांच्या धोरणात भटक्या पशुपालकांना सहभागी करून घ्यावं, यासाठी अमेरिकेने प्रयत्न करावेत, असं त्यात म्हटलं आहे. पण हा कायदा चीनवर बंधनकारक नाही. चीन याला अंतर्गत कारभारातली ढवळाढवळ म्हणतो.

भारताची भूमिका काय?

तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं भारताने २००३ मध्ये मान्य केलं. त्यामुळे चर्चा होते ती मुख्यतः पाण्यावर. ब्रह्मपुत्रेच्या पुराची माहिती देण्याबाबत २००२ मध्ये करार झाला, पण डोकलाम तणावाच्या वर्षी, २०१७ मध्ये, ती माहिती भारताला मिळाली नाही.

मग मुद्दा काय?

ब्रह्मपुत्रा, सिंधू आणि सतलज या नद्या याच पठारावर उगम पावतात. तिथली कुरणं पिढ्यानपिढ्या वापरणाऱ्यांचा अनुभव मात्र भारत-चीन चर्चेच्या टेबलावर जवळपास नसतोच.