मायेचा पडदा आणि गिरणीचे छप्पर

नसलेले जग डोळ्यांपुढे उभे करण्याची विद्या अगदी आजची आहे, असा समज अलीकडे फार पसरला आहे. डोळ्यांवर पेटी चढवावी आणि नागपुरात बसल्या बसल्या समुद्राच्या तळाशी हिंडून यावे, ही आभासी वास्तवाची किमया थोर खरीच. पण श्रोतेहो, तिची पूर्वपीठिका आपल्या महाराष्ट्रातही आहे.

१८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सिद्ध केली. काचेच्या पट्ट्यांवर हाताने चित्रे रंगवावयाची, कंदिलाच्या भिंगातून ती पडद्यावर पाडावयाची आणि पट्ट्या हलवून पुराणातील प्रसंग जिवंत करावयाचे, असा तो खेळ. शंबरासुर मायावी, म्हणून कंदिलाला त्याचे नाव. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. १९१७ च्या ‘लंकादहना’त साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

ही सारी माया लोक एकत्र बसून पाहत. दिवे लागले म्हणजे खरे किती आणि खोटे किती, याचा निवाडा चारचौघांत होई. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवावयाचे दर्शनयंत्र केले. त्यात मात्र एका वेळी एकालाच पाहता येई. आमच्या मते खरा फरक येथे पडला. शेजारी नाहीसा झाला.

आता जाणिवेकडे वळू. २०१९ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन माणसांचे मेंदू यंत्रांनी जोडल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. खेळातील ठोकळा फिरवावा की नाही, हे दोघांनी मनात ठरवावयाचे आणि ज्याला पट पुरता दिसत नाही अशा तिसऱ्याच्या मेंदूपर्यंत तो निर्णय चुंबकीय स्पंदांनी पोचवावयाचा. शंभरात सुमारे ८१ वेळा हे साधले. यावरून उद्या हजारोंची मिळून एक जाणीव होईल, असे भाकीत काही पंडित करतात.

हजारोंची एक जाणीव नागपूरला अपरिचित नाही. १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. मराठी आणि छत्तीसगढी बोलणारी माणसे एका भोंग्यावर एका छपराखाली येऊ लागली. एकाची मजुरी कापली तर दुसऱ्यास ते झोंबू लागले. याच भूमीवर आर. एस. रुईकरांसारख्या पुढाऱ्यांनी संघटना बांधली. २००२ साली गिरणी बंद झाली आणि पुढे त्या जागेवर मॉल उभा राहिला.

आज घरोघर जेवण पोचविणारा तरुण महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून फिरतो, तेव्हा कोणती वाट जवळची आणि कोठे गर्दी होते, हे त्याच्या प्रत्येक फेरीतून यंत्र शिकते. हजारोंचे शहाणपण एका ठिकाणी जमा होते. पण ते कंपनीच्या हाती राहते, आणि हे हजार जण एकमेकांस ओळखतही नाहीत. वाटलेली जाणीव ती हीच, आणि ती एकाच बाजूला वाहते आहे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची कायद्यात प्रथमच व्याख्या केली. हे पाऊल आम्ही स्वागतार्ह मानतो. आता पुढची मागणी केली पाहिजे. ज्यांच्या घामातून हे ज्ञान जमले, त्यांना ते पाहता यावे, त्याचा हिशेब विचारता यावा, आणि त्याच यंत्रावरून आपल्या सोबत्यांना हाक मारता यावी.