वाट ओळखणारा मेंदू

अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरांत १९५३ सालीं विल्यम स्कोव्हिल ह्या शस्त्रवैद्यांनीं हेन्री मोलेसन नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. अपस्मारानें हा तरुण जेरीस आला होता. झटके थांबावे ह्या हेतूनें मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानांच्या आंतल्या अंगास असणारा कांहीं भाग काढून टाकण्यांत आला. झटके कमी झाले. पण नवी स्मृति सांठविण्याची शक्ति कायमची गेली. पुढें त्याच्या कुटुंबानें त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर बिऱ्हाड हलविलें. दहा महिने लोटले तरी त्याला नवा पत्ता येईना. जुना मात्र तोंडपाठ. एकटा बाहेर पडल्यास तो घरीं परतेल ह्याचा भरंवसा नव्हता. स्कोव्हिल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनीं ही हकीकत १९५७ सालीं प्रसिद्ध केली.

काढलेल्या भागांत मुख्य होता तो हिप्पोकॅम्पस. हें नांव सोळाव्या शतकांतलें. बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ आरांझी यांना हा अवयव समुद्रघोड्यासारखा दिसला; मात्र त्यास रेशमाचा किडा तर म्हणूं नये, अशीही शंका त्यांना आली होती. आकाराविषयींच जेथें एवढा संभ्रम, तेथें कार्याविषयीं काय बोलावें! वास घेण्याशीं ह्या अवयवाचा संबंध असावा, असें पुष्कळ विद्वान् दीर्घकाळ धरून चालले होते.

स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनीं चांदीच्या क्षारांनीं रंगविलेले मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळले, आणि शेजारच्या बाह्यकवचांतून निघालेले मज्जातंतु हिप्पोकॅम्पसमध्यें कसे शिरतात हें शाईनें रेखाटलें. संदेश कोणत्या दिशेनें जातो हें दाखविण्यासाठीं त्यांनीं बाणही काढले. बाह्यकवचाच्या ह्या शेजारच्या पट्ट्यास एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स म्हणतात. वाड्याच्या दिंडीप्रमाणें हा पट्टा आहे. बहुतेक वर्दळ येथूनच आंत जाते. आंत गेलेला संदेश एका थरांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा फिरून पुन्हां दिंडीकडे परततो. शिवाय एक आडवाट दिंडींतून थेट शेवटच्या थरावर जाते. हा आराखडा विसाव्या शतकाच्या आरंभींच कागदावर आला होता. त्या वाटांवरून काय वाहतें, हें कळण्यास मात्र आणखी शंभर वर्षें लागावयाचीं होतीं.

दरम्यान बर्कली येथें एडवर्ड टोलमन उंदरांना भूलभुलैयांत सोडीत होते. उंदीर केवळ डावें-उजवें वळण पाठ करतो, असें त्या काळच्या कित्येक मानसशास्त्रज्ञांचें मत. टोलमननीं शिकविलेली वाट बंद करून किरणांसारख्या अनेक वाटा मोकळ्या ठेवल्या. तेव्हां जी वाट खाद्याच्या जागेच्या रोखानें जात होती, तीच सर्वांत अधिक उंदरांनीं धरली. उंदराच्या डोक्यांत नकाशा असतो, असें टोलमननीं १९४८ सालीं प्रतिपादिलें. नकाशा मेंदूंत कोठें असतो, ह्या भानगडींत ते पडले नाहींत.

ती जागा लंडनमध्यें सांपडली. १९७१ सालीं जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना हिप्पोकॅम्पसमध्यें विलक्षण पेशी आढळल्या. उंदीर एका ठराविक ठिकाणीं आला कीं एक पेशी जागी होई, दुसऱ्या ठिकाणीं दुसरी. पण त्या पेशींना ठिकाण कळवितें कोण? हिप्पोकॅम्पस स्वतःच तें आंतल्या आंत ठरवीत असावा, असें अनेकांना वाटे.

नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथें एडवर्ड व माय-ब्रिट मोसर आणि त्यांचे सहकारी यांनीं ह्या समजुतीची कसोटी घेतली. हिप्पोकॅम्पसच्या आंतील थराथरांची सांखळीच त्यांनीं तोडली. तरीही शेवटच्या थरांतील पेशी आपापली ठिकाणें ओळखीत राहिल्या! हें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे काहालांच्या चित्रांतील ती आडवाटच कामास येत होती. मग डच शरीरशास्त्रज्ञ मेनो विटर यांच्या साह्यानें संशोधकांनीं तारा दिंडींतच, तिच्या वरच्या भागांत बसविल्या. २००५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आश्चर्यकारक होता. तेथील एकेक पेशी एका ठिकाणीं नव्हे, तर अनेक ठिकाणीं जागी होई, आणि तीं ठिकाणें जोडलीं असतां समभुज त्रिकोणांची जाळी तयार होई. पूर्ण अंधार केला तरी जाळी मोडत नसे. नकाशाच्या कागदावरील चौकटी आंखल्या जातात त्या ह्या दिंडींत. २०१४ चें नोबेल पारितोषिक ओकीफ व मोसर दांपत्य यांना मिळालें.

हा केवळ उंदरांचा विषय नव्हे. अल्झायमरच्या विकारांत पेशींमध्यें जे गुंते होतात, ते बाह्यकवचांत प्रथम ह्याच दिंडीच्या आसपास दिसूं लागतात, असें हाइको व एव्हा ब्राक यांनीं १९९१ सालीं दाखविलें. नित्याच्या रस्त्यावर वृद्ध माणूस चुकतो, तेव्हां घरचीं माणसें त्यास वयाचा विसराळूपणा म्हणतात. पुष्कळदां तो तसा असतोही, नेहमींच नव्हे.

मोलेसन २००८ सालीं वारला. पुढील वर्षीं सॅन डिएगो येथें त्याच्या मेंदूचे २४०१ काप काढण्यांत आले. त्यांचा अहवाल २०१४ सालींच आला. स्कोव्हिल यांना वाटलें होतें त्यापेक्षां हिप्पोकॅम्पसचा बराच अधिक मागचा भाग शिल्लक होता. दिंडी मात्र जवळजवळ नाहींशी झाली होती. तथापि ह्याच माणसानें एक कोडें मागें ठेवलें आहे. शस्त्रक्रियेनंतर पांच वर्षांनीं ज्या घरांत तो राहावयास गेला आणि जेथें त्यानें अनेक वर्षें काढलीं, त्या घराच्या खोल्यांचा आराखडा त्यानें बरोबर काढून दाखविला होता. रोजच्या येण्याजाण्यानें, शेजारच्या उरलेल्या बाह्यकवचांतच तो हळूहळू उमटला असावा, असें त्याच्यावर चाळीसहून अधिक वर्षें संशोधन करणाऱ्या सुझॅन कॉर्किन यांचें अनुमान होतें.